जयेशला नाकारणारा फॉर्म

डिग्रीशिवाय प्रोग्रामर होता येतं का, हे मला नका विचारू, आमच्या जयेशला विचारा. पडघ्याच्या गोदामाच्या ऑफिसात आम्ही दोघं शेजारी शेजारी बसतो. मी कॉम्प्युटर इंजिनीयर, तो बारावी पास. नारपोलीत काकाच्या कापडाच्या लूमवर ड्युटी करता करता मोबाईलवर बघून प्रोग्रामिंग शिकलेला.

मध्ये टीम लीडरची जागा निघाली. साहेबांनी अर्जाचा फॉर्म जयेशलाच बनवायला लावला. "डिग्रीची अट टाक," म्हणाले. पठ्ठ्याने टाकली आणि पहिला अर्जही स्वतःच भरला. स्क्रीनवर लाल अक्षरात आलं, 'आपण पात्र नाही.'

मी हसून हसून बेजार. "अरे, तुझ्याच फॉर्मने तुला हाकललं!"

"म्हणजे फॉर्म बरोबर चालतोय," तो म्हणाला.

साहेबांना कळलं तेव्हा ते वरमले. मला म्हणाले, "ती अट तुम्ही काढा. त्याचाच अर्ज आहे, त्याने हात लावलेला बरा दिसत नाही."

मी अट काढली, तर अख्खा फॉर्मच बंद पडला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत झटलो. शेवटी हाक मारली, "जयेश, जरा बघ ना रे."

त्याने डबा खाता खाता दोन ओळी बदलल्या आणि फॉर्म सुरू.

लीडर कोण झाला ते सांगायला नको. आता माझं काही चुकलं की तो सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवतो, "जाऊ दे रे, तू पात्र हायस ना!"