उन्हातल्या खुर्चीचं पान

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि नगरपालिकेच्या क्रीडा व संस्कृती समितीचे सन्माननीय सभापती. सत्कारमूर्ती, म्हणजे आपल्या या क्रीडा-संस्कृती केंद्राचे व्यवस्थापक, ज्यांना लहानथोर सगळे काकाच म्हणतात. त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू. मंचावरचे पाहुणे आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

मी सहसा कागद घेऊन बोलत नाही. आज लिहून आणलं, त्याला कारण आपली निमंत्रणपत्रिका. तिच्यात छापलंय, 'बाईंच्या काटेकोर सूत्रसंचालनामुळे हे केंद्र वाचलं.' बाई म्हणजे मी. आणि हे साफ खोटं आहे. केंद्र वाचलं ते माझ्या चुकीमुळे, आणि ती चूक पाच वर्षं पोटात ठेवणाऱ्या काकांमुळे. काका आज निवृत्त होताहेत. त्यांची जागा भरायची नाही, दारं रोज पाचलाच बंद करायची, असं घाटत होतं. संध्याकाळी कामावरून येणाऱ्यांनी मग जायचं कुठे? तेव्हा आज गप्प बसणं मला जमणारं नव्हतं.

नव्या मंडळींसाठी आपली पद्धत सांगते. निवडणूक आली की प्रभागातल्या उमेदवारांना या सभागृहात बोलवायचं आणि एकच विचारायचं: खेळ, वाचन, नाटक, गाणं यांसाठी तुम्ही काय करणार? पूर्वी उमेदवार स्वतः बोलत. एका गृहस्थांनी पाऊण तास गटारांवर काढला. त्यानंतर नियम केला. उमेदवाराने एक पान लिहून द्यायचं. पानावर नाव नको, चिन्ह नको, फोटो तर नकोच. मी वाचणार, त्यांनी मुकाट ऐकायचं आणि शेवटी खाली सही करायची. काका पानं खुर्च्यांच्या क्रमाने लावून माझ्या हातात देत.

मागच्या निवडणुकीला दोनच उमेदवार होते. एक, आजचे आपले सभापती. दुसऱ्या, कोपऱ्यावर शिवणकाम करणाऱ्या ताई. त्या तिकडे तिसऱ्या रांगेत बसल्यात. मान खाली घालू नका ताई, आज सुटका नाही. सभापतींची खुर्ची पहिली, आणि तिच्यावर नेमकं खिडकीतलं ऊन. ते सारखे कपाळ पुसत होते. ताई उठल्या, म्हणाल्या, "दादा, तुम्ही इकडे बसा. मला मशीनवर दिवसभर उन्हातच बसायची सवय आहे." दोघांनी जागा बदलल्या. पानं आधीच माझ्या हातात आली होती, आणि मी तेव्हा चष्मा पुसत होते.

"पहिल्या उमेदवार म्हणतात," असं म्हणून मी ताईंकडे हात केला आणि वाचलं: तळमजला दुकानांना द्यावा, मागच्या मैदानावर गाड्या लावाव्यात, तालमीची खोली बंद करावी. सभागृहात असा गलका झाला की मला टेबल वाजवावं लागलं. मग सभापतींकडे हात करून दुसरं पान वाचलं: इमारत सकाळी सहा ते रात्री नऊ उघडी राहील, वाचनालय संध्याकाळीही चालेल, तालमीची खोली सर्वांना विनामूल्य, मैदानाला हात लावणार नाही. टाळ्या थांबेनात. सभापती उठले, हात जोडले, म्हणाले, "हे माझं फार जुनं स्वप्न आहे." आणि सही करून मोकळे झाले.

कुणाचं पान कुठलं, हे त्या दोघांखेरीज फक्त काकांना ठाऊक. ते धावत माझ्याकडे निघाले, तर ताईंनी बसल्या जागेवरून त्यांना हातानेच थांबवलं आणि दुकानांच्या पानाखाली शांतपणे सही केली. नंतर खुर्च्या उचलताना काका म्हणाले, "ताई, काय केलंत हे? असलेली मतंही गेली की!" ताई म्हणाल्या, "मी तशीही पडणारच होते हो. माझं पान निवडून आलं म्हणजे झालं."

ताई पडल्या. पान निवडून आलं. काकांनी ते सहीसकट चौकटीत बसवून दाराशी लावलं. दुकानांचा प्रस्ताव पुढे दोनदा आला. दोन्ही वेळा सभापती पाहणीला आले की काका फडकं घेऊन हजर. "साहेब, तुमच्या स्वप्नावर धूळ फार बसते," म्हणत काच पुसत उभे. दोन्ही वेळा प्रस्ताव मागे गेला.

आणि मी? मला हे काकांनी गेल्या आठवड्यात सांगितलं, मी पत्रिकेवरचं माझं कौतुक काकांना वाचून दाखवत होते तेव्हा. पाच वर्षं मी ताईंना रस्त्यात पाहून तोंड फिरवलं. दुकानं आणणारी बाई म्हणून. ब्लाउजसुद्धा दुसरीकडे शिवून घेतले, आणि ते नीट बसले नाहीत. ताई, भर सभेत तुमची माफी मागते.

काल आम्ही दोघी सभापतींच्या कार्यालयात गेलो. मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, भडकतील. तर म्हणाले, "बाई, माझं पान मीच लिहिलं होतं. पहिल्याच ओळीला कळलं मला. पण तेवढ्या टाळ्या जन्मात मिळाल्या नव्हत्या." मग ताईंना विचारलं, "यंदा उभ्या राहताय?"

"राहतेय."

"राहा. माझं पान या खेपेला मी नीट लिहिणार आहे."

आणि काकांच्या जागेवर नेमणुकीच्या आदेशावर त्यांनी सही केली. वाचून केली, मी समोरच उभी होते.

काका, एकतीस वर्षं तुम्ही दार वेळेआधी उघडलंत आणि वेळेनंतर लावलंत. याहून मोठी स्तुती मला येत नाही. सभापतींचे आभार, त्यांनी हे ऐकून घेतलं आणि अजून खुर्ची सोडलेली नाही. तुम्हा सर्वांचे आभार. जन्म शाळेत गेला, आवाज खाली येत नाही. कुणाला काही लागलं असेल तर पदरात घ्या.

आता आज दुपारच्या हस्तांतराची नोंद वाचते आणि बसते. काकांनी नव्या व्यवस्थापकांना, म्हणजे आपले दिवे सांभाळणाऱ्या वायरमनबाईंना दिलं ते असं: चाव्या अठरा, त्यांतली एक कुठल्याच कुलपाला लागत नाही. टेबलटेनिसची टेबलं दोन. पुस्तकं चार हजार एकशे बारा, पैकी सात इथेच बसलेल्या कुणाच्या तरी घरी. तालमीच्या खोलीचं वेळापत्रक, पुढचे तीन महिने, एकही जागा रिकामी नाही. आजची सहाची वेळ नाटकमंडळींची आहे, आणि ती दाराबाहेर येऊन उभी आहेत.