पाटीवर उरलेली जागा

ताई : ऑपरेशनची तारीख पुढे ढकल म्हटलं ना. डॉक्टर काही पळून जात नाहीत.

धाकटा : दोनदा ढकललीस. आत्ता त्यांच्याकडूनच येतोय. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही म्हणाले. उरलीय तेवढी वाचवायची, आणि तू थेंबसुद्धा बंद केलेस.

ताई : पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. मग देवळात किरणं येतील. उगवतीचं ऊन थेट गाभाऱ्यात, देवाच्या पायांवर. वर्षातून एकदाच. तेवढं दर्शन घेते, मग बघू.

धाकटा : घे की दर्शन. पण थेंब कशाला बंद?

ताई : अर्धवट विश्वास ठेवून जायचं का? देवळाच्या पाटीवर स्वच्छ लिहिलंय, ‘निष्ठेने किरणदर्शन घेणाऱ्याची गेलेली दृष्टी परत येते.’ तूच तर रंगवलीस ती पाटी. मी सगळ्यांना सांगते, माझ्या भावाचं अक्षर आहे म्हणून.

धाकटा : तेच बोलायला आलोय. शिलाई ठेव जरा बाजूला.

ताई : बाजूलाच आहे. सकाळपासून सुईत दोरा जात नाहीये.

धाकटा : ती ओळ मी लिहिली, ताई.

ताई : माहितेय. तूच रंगवलीस.

धाकटा : रंगवली नाही, लिहिली. माझ्या मनाने. पुजारीबुवांनी मजकुराचा कागद दिला होता, त्यात तसं काही नव्हतं. देऊळ किती जुनं, बांधणाऱ्यांनी उगवतीचा नेम कसा साधला, आणि शेवटी बुवांचे दोन शब्द, एवढंच. मी अक्षराचं माप चुकलो. सगळं लिहून झालं आणि खाली चार बोटं जागा उरली. पाटी बोडकी दिसायला लागली. पुसून पुन्हा आखायचा कंटाळा आला. म्हटलं, टाकू एक ओळ.

ताई : बुवांनी विचारलं नाही?

धाकटा : विचारलं. जुनी माणसं सांगतात, असं ठोकून दिलं मी. पुढे गर्दी वाढत गेली आणि माझं तोंडच उघडेना.

ताई : चार बोटं जागा.

धाकटा : तुझ्यापर्यंत येईल असं वाटलं नव्हतं गं.

ताई : दुसऱ्या कुणापर्यंत गेली असती तर चाललं असतं, असंच ना?

(धाकटा तिची सुई उचलून तिच्यात दोरा ओवतो.)

ताई : बुवांच्या कागदात शेवटी काय होतं?

धाकटा : ‘या दिवशी प्रकाशच देवाच्या पाया पडायला येतो. माणसाने काही मागू नये, बाजूला उभं राहावं.’ तेही आहे पाटीवर, माझ्या ओळीच्या अगदी वर. कुणी वाचत नाही.

ताई : मीही नाही वाचलं. सहा महिने नुसती मागतेय.

धाकटा : शिव्या घाल मला.

ताई : घालीन सवडीने. शेजारच्या काकूंना मीच नेलं तिथे. इस्त्रीवाल्याच्या आईलासुद्धा. तिची थेंबांची बाटली मी माझ्या हाताने केरात टाकली.

धाकटा : त्यात तुझा काय दोष?

ताई : तू एकदा लिहिलंस. मी दारोदार जाऊन सांगितलं. देवाने मात्र असलं काही कधीच कबूल केलं नव्हतं रे. त्याचं नाव आपण दोघांनी वापरलं.

धाकटा : मी आत्ता जातो आणि त्या ओळीवर रंगाचा हात मारून येतो. कुणाला कळणारही नाही.

ताई : कळायलाच हवं. त्या दोघी या वेळी देवळातच बसलेल्या असतात. त्यांच्यादेखत पूस, आणि का पुसतोयस ते सांग.

धाकटा : काय म्हणतील त्या?

ताई : म्हणतील ते ऐकून घ्यायचं. दोघांनी. आधी डॉक्टरांना फोन लाव. लवकरात लवकर कधी येऊ विचार, आणि आणखी दोघींना दाखवायचंय म्हणून सांग.

धाकटा : लावतो. तू कशाला येतेस पण? मी एकटा जातो.

ताई : तू पुसशील आणि मान खाली घालून परत येशील, ओळखते मी तुला. चल, हात दे. दारातली पायरी महिनाभर झाला मला दिसत नाहीये.