उपाशी ठेवलेली जवारी

— नाई नाई, उठू नका सायेब, बसा त्या बाजेवर. शालिग्राम येतेच आता. तुमालेच आनाले गेला ना तो मालेगावच्या मोटारस्टँडवर, भावाले घेऊन, बैलगाडी जुपून — आन् तुमी उतरले शेलूबाजारच्या अंगानं, ब्लॉकाच्या जीपमंधून! झाली चुकामूक. मी त्याची माय, सोजरबाई. घरी कोनी नाई म्हनून तुमाले वावरातच घेऊन आले, नाई तरी जवारीच पाहाची होती ना तुमाले? पाहान मंग. कुठं पळून चालली ती? तो आला का तोच दाखवंन, त्यालेच लय हौस. 'माय, प्रोफेसर सोता येऊन राह्यले, आपल्या वावरात येऊन राह्यले' — साऱ्या गावात सांगून आला. घ्या, चहा घ्या. गुळाचा हाये, चालते ना?

एक इचारू का सायेब? म्हंजे आपलं असंच. एखाद्या पोराचा परयोग चुकला, तं तुमी त्याले काढून टाकता का? — नाई, त्याचा नाई चुकला. त्याचा कायले चुकंन! तो सांगे का पयल्या वर्षाच्या पोराले तुमच्या त्या बाटल्यायले, यंत्रायले कोनी हात लावू देत नाई, नुसतं बाकावर बसून पाहा लागते. पन तुमी म्हनले का ज्याच्या घरी वावर असंन त्यानं ह्या पावसाळ्यात आपल्याच मातीवर परयोग करावा, आन् ज्याचं काम खरं निघंन त्याले दिवाळीनंतर मी माह्या हाताखाली घेईन. पयल्याच वर्षाच्या पोराले! तवापासून त्याचं जेवनात ध्यान नाई सायेब. आमच्या गावातून कालेजात गेलेला तो एकटा, आन् त्यातून तुमी असं म्हनले, मंग काय.

तं हे पाहा, इकडं धुऱ्याकडच्या, बांधालगतच्या ओळी — त्यायले तुमचं ते पांढरं खत, साखरीवानी दिसते. आन् तिकडं आंब्याकडच्या ओळी, त्यायले काईच नाई. एकच बियानं, एकच पेरा. जाताना मले मने, 'माय, मी कालेजात राहीन, तू ध्यान ठेवजो. आंब्याकडच्या ओळीत काईच घालू नको, उपाशीच ठेवजो त्यायले.' उपाशी! त्याचाच शब्द हाये हा. आता बाईमानसाले असं सांगावं का कोनी? पंगतीत एका ओळीले पोटभर वाढलं, आन् दुसऱ्या ओळीच्या पत्राळ्यायवरून वाढपी तसाच पुढं गेला — पाहवते का तुमाले? श्रावन लागला आन् फरक दिसाले लागला. धुऱ्याकडची हिरवीगार, आन् आंब्याकडची पिवळी, अशी मान टाकलेली. शेजारची कस्तुराबाई रोज जाता-येता बोले — 'काहून वं सोजर, अर्ध्या वावराची सावत्र माय झाली का?' हासावारी नेलं मी. पन लागलं.

आन् तन निंदाले रामधन. थोरला माहा. तुमी पाहानच आता, गाडी हाकून राह्यला तो. शिकला? — नाई जी. चवथीतून काढलं त्याले. एकानं ढोरं राखाची, एकानं शाळा, असं घरात ठरलं होतं. ठरलं म्हंजे — ह्यायले काय, हे तं दोघाईलेबी घालत होते शाळेत — मीच म्हनलं. शालिग्राम नाजूक, उन्हात दोन घटका उभा राह्यला का ताप भरे. रामधन धट्टाकट्टा. म्हनून त्याले ढोरामांगं लावलं. हुशार होता सायेब तोबी. भाऊ पाढे म्हने आन् ह्याले गोठ्यात बसल्या बसल्या पाठ होत. तं त्या दिवशी त्या पिवळ्या ओळीत बसून तो निंदत होता, आन् मले पाहून मने, 'माय, शालिग्रामच्या ओळी धुऱ्याकडच्या, ह्या माह्या.' हासून मने हो. त्याच्या मनात काईच नाई, तो तसा नाईच. पन मी घरी गेले तं माही भाकर त्याच्याच ताटात घातली.

आन् जवारी लय गुनाची असते, सायेब. जराकसं पोटात पडलं का उभी राह्यते. उकिरड्यातलं जुनं शेनखत, त्यात चुलीची राख कालवाची, बुडाशी लावून माती ओढाची — दोन पावसात पाहा कशी धुऱ्याकडचीच्या बरोबरीनं —

असं काहून पाहून राह्यले? चहा थंडा होते ना. — नाई, मी तसं नाई म्हनलं. मी म्हनलं का कोनी घातलं *तं*. आपली एक रीत सांगतली. तुमी बसा ना. तिकडं नका जाऊ सायेब, तिकडं काटे हायेत. ती माती कायले उकरून राह्यले, हात भरतीन तुमचे, उकरून काय दिसनार हाये त्यात —

हो. राखच हाये ती. मीच टाकली.

मले वाटलं मनाई हाये ती पांढऱ्या खताची, घरच्या शेनाची कायची मनाई? — नाई. खोटं कायले बोलू आता. काईच नाई म्हंजे काईच नाई, समजत होतं मले. समजत होतं म्हनून तं भल्या पहाटं आनली टोपली, कोनी पाहाच्या आधी. चांगलं काम कोनी असं चोरून करते का? मंग तो सुटीत आला, दोन्हीकडची कनसं सारखी दिसली तं नाचाले लागला. मले वाटलं, खुश झाला, बरं झालं. तं मने, 'माय, आपल्या काळ्या मातीले ह्या खताची गरजच नाई! हे कोनालेच माईत नाई, मीनं शोधून काढलं!' तवाच सांगाचं होतं. तोंड उघडलंबी मी — पन त्याच्या चेहऱ्याकडं पाहून भलतंच बोलले, 'जेवून घे बाबू.' त्यानं तुमाले कळवलं, आन् तुमी एवढ्या दूरून आले. थोरल्याची शाळा मीनं सोडवली, आन् त्याचं मनाले लागलं म्हनून धाकट्याच्या हातातलं मीनंच घालवलं. दोघाईचीबी मी गुन्हेगार हाये, सायेब.

त्याले काढू नका. त्याची काई चूक नाई, त्यानं जे पाह्यलं तेच सांगतलं. पुढच्या साली त्याले पुन्हा करू द्या, मी ह्या वावरात पाय ठेवनार नाई, तुमच्या गळ्याची आन. — काय? मीच सांगू त्याले? — हो. बरोबर हाये तुमचं. माहंच काम हाये ते. तुमच्या तोंडून आयकलं तं चार लोकात मान वर नाई करनार तो. मी सांगते. आजच सांगते. तो आला का त्याले बाजूले घेते आन् —

आलेच. घंट्या वाजून राह्यल्या पाहा बैलाच्या. अरे, गाडी थांबू तं द्याची, चालत्या गाडीतून उडी मारली पोट्ट्यानं! रामधन, बैल सोड बाबू सावलीत. — ये शालिग्राम, हळू ये, धाप लागली तुले. हो, सायेब कवाचेच आले. आधी पाया पड. — नाई रे. नाई, काई नाई सांगतलं मी त्यायले. मले काय समजते त्यातलं? तूच सांग. सांग ना बाबू, सायेब आयकून राह्यले.