योहाननं झाकलेला घाव

पास्टर साहेब, मार्थाबाई, रूथ बेटा, आणि सगळी मंडळी,

मला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं. मीच वेळ मागून घेतला.

मी आंधळगावचा रिटायर मास्तर. तुमच्या प्रार्थनेला येणारा माणूस नाही. सोमवारी योहान मिलमध्ये मशीन दुरुस्त करता करता छातीत कळ येऊन गेला. सगळे म्हणताहेत, देवमाणूस होता. मंडळी, माझा हा उजवा हात त्यानंच मोडला.

तरुणपणी त्याला शेवंता हवी होती. तिचं लग्न माझ्याशी ठरलं. लग्नाला आठ दिवस राहिले असताना त्यानं मला सिहोऱ्याच्या रस्त्यावर गाठलं. लोखंडी सळईनं मारलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी पडलो, तरी मारत होता. मारत होता आणि रडत होता.

त्याला शिक्षा झाली. माझं लग्न झालं. मी फळ्यावर डाव्या हातानं लिहायला शिकलो.

नावाचा ख्रिस्ती तो आधीपासूनच होता. खरा झाला तो तुरुंगात. सुटल्यावर एका दुपारी माझ्या अंगणात येऊन उभा राहिला. म्हणाला, "गुरुजी, माफी मांगाले आलो."

मी विचारलं, "इतकी आवडत होती का रे ती तुले?"

"आवडली त्यात पाप नव्हतं, गुरुजी. भूक देवानं देली, तशी ओढही त्यानंच देली. पण मी तिले देवाच्या जागेवर बसवलं. माह्या मुठीत नाही, तर कोणाच्याच नाही, असं झालं. देवाच्या जागी दुसरं काही बसवलं का ते बळी मांगते. मी तुमचा बळी देऊन राहिलो होतो."

किती शांतपणे बोलला! त्या शांतपणानंच माझं डोकं फिरलं. कारण इतकी वर्षं मीही एक इच्छा पोसली होती. याला रक्तात पाहायची. मी काठी उचलली आणि त्याच्या डोक्यात घातली. कपाळ फुटलं. त्यानं हात वर केला नाही. मला वाटलं होतं, एकदा मारलं की आग विझेल. विझली का? नाही, मंडळी. आणखी मारावंसं वाटलं. दुसरा घाव घातला. तिसरा घातला.

शेवंता धावत आली आणि काठी धरली. म्हणाली, "मी काय तळ्या-बोडीतली मासोळी आहो, दोघंही मले धरून भांडाले? माह्या मनात काय आहे, कोणी विचारलं का कधी?"

रक्त पुसत योहान तिला म्हणाला, "चुकलं, बाई." मी तेही म्हणालो नाही.

रूथ बेटा, तुझ्या बापाच्या कपाळावरचा व्रण. मिलच्या शिडीवरून पडलो, असं त्यानं तुला आणि तुझ्या आईला, मार्थाबाईंना, सांगितलं. तो पडला नव्हता. मी मारलं होतं.

पुढं एकदा बाजारात भेटला तेव्हा मी विचारलं, "खोटं कायले बोलला?" म्हणाला, "तुमची नोकरी गेली असती. अन् मी एकदा तुमचा हात घेतलाच होता ना. आता अजून कायले घेऊ?"

मंडळी, मी त्याच्यासारखा झालो, असं सांगायला आलो नाही. थंडीत हात ठणकतो, तेव्हा ती जुनी इच्छा अजून डोकं वर काढते. मला फक्त एवढं समजलं, की ती इच्छा त्याच्यातही होती आणि माझ्यातही. तो त्या इच्छेच्या पाया पडणं सोडू शकला. मी अजून सोडतोच आहे.

मार्थाबाई, रूथ, माझा राग आला असेल तर येऊ द्या. मी तोंड लपवणार नाही.

आता सगळे उठू या. थोडा वेळ कोणी काही बोलू नये.

योहान, चुकलं माझं. तुमच्या लोकांच्या रीतीनं म्हणतो, प्रभूमध्ये सलाम.