दहाव्याचा भात

मी, मुग्धा वरद नाईक, वय ३६ वर्षे, धंदा शिक्षिका, मूळ राहणार तालुका कणकवली, सध्या राहणार अल ऐन, संयुक्त अरब अमिराती, समक्ष विचारल्यावरून दुभाष्यामार्फत मराठीत जबाब देते की,

मी वरील ठिकाणी पतीसह राहते. माझे वडील सूर्यकांत भिवा धुरी हे येथून दोन तासांवरील वाळवंटी अभयारण्यात कामगार होते व तेथील कॅम्पमध्ये राहत. या मार्च महिन्यात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. अंत्यविधी अल ऐन येथेच झाला. आई सत्यभामा गावी आहे.

आमच्यात दहाव्या दिवशी भाताचा पिंड ठेवतात. त्याला कावळा शिवला म्हणजे गेलेल्याची इच्छा उरली नाही असे मानतात. आमच्या इमारतीच्या गच्चीवर कावळे पुष्कळ आहेत, तेथेच उरकू असे मी म्हणाले. आईने ऐकले नाही. ज्या जागेपायी ते गणपतीलासुद्धा घरी आले नाहीत, तेथेच पिंड ठेव, आणि कावळा शिवेपर्यंत मी अन्नाला हात लावणार नाही, असे तिने बजावले. तिला मधुमेह आहे.

पक्ष्यांच्या विणीच्या काळात तो भाग बंद असतो हे मला माहीत होते. वडिलांसोबत काम करणारे मुझम्मिल यांना मी गळ घातली. ते नाहीच म्हणत होते. मी रडले म्हणून त्यांनी फाटक उघडले. आत अन्न टाकू दिले असा ठपका आता त्यांच्यावर आहे व नोकरी जायची वेळ आली आहे, म्हणून मी आपण होऊन हजर झाले आहे.

सकाळी आम्ही घाफच्या झाडाखाली पिंड ठेवला. मी आईला व्हिडिओ कॉल लावला. आईला सांभाळू, घराचे छप्पर करू, असे सगळे बोलून झाले. कावळा आला नाही. दूरवर अभयारण्यातली पांढरी ओरिक्स हरणे चरत होती. त्यांच्याकडे पाहून मला संताप आला. माझा बाप यांनी खाल्ला असे वाटले, आणि तसे वाटले हे मी नाकारत नाही.

तेव्हा मुझम्मिल म्हणाले, "दीदी, यहाँ कौआ नहीं आएगा. सूर्याभाई ने एक भी टिकने नहीं दिया." त्यांनी सांगितले ते असे, की शहरातले कावळे माणसांच्या खरकट्यामागे वाळवंटात शिरतात आणि उघड्या वाळूवर घातलेली हुबारा पक्ष्याची अंडी फोडतात. बाहेर हुबारा फारसा उरलेला नाही, इथे अजून वीण होते. वडील कॅम्पचे खरकटे झाकत, पिंजरे लावत, कावळ्यांची घरटी काढत. मागे मी भेटायला गेले असता माझ्या डब्यातले पोहे सांडले, ते त्यांनी मला वाळूतून वेचायला लावले होते. म्हातारा सटकलाय, असे मी तेव्हा घरी येऊन बोलले होते.

हे सर्व आई फोनवर ऐकत होती. तिला हिंदी कळते. ती मग म्हणाली, "तेंकाच कावळो नको हुतो मगे. उचल तो भात. एक शीतव थंय ठेव नको."

मी व मुझम्मिल यांनी गुडघ्यांवर बसून भात वेचला. चिकटलेली शिते वाळूसकट डब्यात भरली. मुझम्मिल यांचा रोजा होता, ऊन चढले होते, तरी ते माझ्या आधी उठले नाहीत. मला दाखवलेला अभयारण्याच्या कॅमेऱ्यातील फोटो भात ठेवतानाचा आहे, उचलतानाचा नाही. तो डबा मी सोबत आणून हजर केला आहे. मुझम्मिल यांचा यात काही दोष नाही.

कावळा शिवला नाही, मग विधी अपुरा राहिला का, असे विचारले असता सांगते की, आम्ही फाटकाबाहेर पडत असतानाच आईचा पुन्हा फोन आला. ती पेज जेवत होती.

वरील मजकूर दुभाष्याने मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे, म्हणून खाली सही करते.