सोपानच्या पिरान्हाची दृष्ट

हसू नका, पण आमच्या राहात्याच्या सोपाननं टाकीत पिरान्हा, तो बोटं तोडणारा दातेरी मासा, पाळलाय, पोटच्या पोरासारखा. मध्ये त्याच्या अंगावर पांढरे ठिपके आले, खाणं सुटलं, वाढ खुंटली. सोपान रडकुंडीला. मासेवाला म्हणाला, "बारीक किडे लागलेत. पाणी कोमट ठेवा, मीठ टाका."

मी हळूच सोपानच्या बायकोला, म्हणजे वहिनीला, म्हणालो, "किडे कसले? दृष्ट लागलीय."

झालं! वहिनीनं टाकीवरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. सोपान ओरडला, "आगं, मीठ पान्यात टाकायचं हाय!"

"मग टाकते की!" म्हणत तिनं मोहऱ्यांसकट मूठ आत सोडली. सोपान बोटं सांभाळत चहाच्या गाळणीनं मोहऱ्या उपसत बसला.

मासा बरा झाला, वीतभर वाढलाही. कशानं, यावर दोघं अजून भांडतात. पण मी टाकीजवळ गेलो, की दोघं एका सुरात ओरडतात, "लांबून बघा! लागली हुती ती तुमचीच!"