उरलेलं सीरम

आदरणीय अध्यक्ष डॉ. कल्याण सर, आज आपण ज्यांना निरोप देतो आहोत ते आपले ज्येष्ठ तंत्रज्ञ गयासोद्दीनभाई, शेजारी बसलेल्या बदरुन्निसाभाभी आणि नवीन जालन्यातल्या या प्रयोगशाळेतील माझ्या सहकाऱ्यांनो,

मी आदिनाथ. रिपोर्टच्या खिडकीवर बसतो. मला भाषण जमतं असा कुणाचाच समज नाही, पण सरांचा आग्रह मोडवेना.

भाईंची एक सवय आपल्याला जाचायची. तपासणी झाली तरी रक्तातलं उरलेलं सीरम, म्हणजे वरचं पिवळसर पाणी, ते फेकू द्यायचे नाहीत. फ्रीजर ठासून भरलेला. विचारलं तर म्हणायचे, "राहू दे रे, कामाला येतं."

माझी थोरली शिवकन्या राजूरच्या गणपतीहून आली, चतुर्थीची शेंगदाण्याचा कूट घातलेली खिचडी खाल्ली आणि धाप लागून गेली. तुम्ही सगळे आला होतात. मला तेव्हा रडू आलं नाही. आजही येत नाही. त्याची लाज वाटायला हवी का, तेही कळत नाही.

त्याआधी तापासाठी तिचं रक्त इथंच तपासलं होतं. भाईंनी मला विचारून ते सीरम बाहेर काढलं आणि शेंगदाण्याचं प्रथिन चिकटवलेल्या, तपासणीच्या प्लेटमधल्या खळगीत घातलं. शेंगदाण्याच्या ॲलर्जीची प्रतिपिंडं रक्तात असली तर ती तिथं धरून बसतात, बाकी सगळं धुऊन जातं, मग रंग चढतो. रंग चढला. भाईंनी पुन्हा करून पाहिलं, पुन्हा चढला. तो रिपोर्ट देणारा मी, घेणाराही मीच.

माझी आई द्वारकाबाई ऐकेना. "उपासाच्या खिचडीनं कधी कुणी मरतं व्हय?"

भाई घरी येऊन तिच्यासमोर खाली बसले. "अम्मा, नुसत्या रंगावर मी बी बोलणार न्हाई. पण पोरगी ते खाऊनच गेली ना? आता धाकटीचं रक्त बघू द्या. जल्दी."

धाकटी मीना तोंड खाजतं म्हणून खिचडी बाजूला सारायची. आम्ही त्याला नखरे म्हणायचो. तिच्याही खळगीत रंग चढला.

भाई, याचे आभार कसे मानतात? मीना पुढच्या रांगेत बसली आहे, तेवढं बघा.

अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. फराळाच्या चिवड्यात शेंगदाणे नाहीत, ती मात्र चूक समजू नका. चिवडा आईनं केलाय.